रथावरचं शिखर



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशात आत्ता हंपीचा दगडी रथ असेल. पन्नास रुपयांच्या निळ्या नोटेच्या पाठीवर तो छापला आहे. विठ्ठल मंदिराच्या प्रांगणातलं हे खरं तर गरुडाचं देऊळ, रथाच्या आकारात बांधलेलं. त्याचा माथा सपाट आहे. हंपीला जाणारा प्रत्येक जण त्याचा फोटो काढतो आणि विजयनगरच्या काळापासून तो असाच आहे असं धरून परत येतो. पण १८५६ साली मद्रास फौजेतल्या अलेक्झांडर ग्रीनलॉ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं याच रथाचा फोटो काढला, त्यात रथावर विटांचं शिखर उभं आहे. पुढच्या काळात ते राहिलं नाही.

त्या शिखराचं पुढे काही होणार आहे, असं ग्रीनलॉला वाटण्याचं कारण नव्हतं. त्यानं रथ पुरा चौकटीत घेतला, माथा कापला नाही, एवढंच. आणि आज आपण त्या फोटोला जो प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर त्यात सापडतं. मला आज जे सांगायचं आहे ते हेच. जुन्या वास्तूचा फोटो आपण आपल्यासाठी काढतो, पण त्याची खरी गरज पडते ती पुढे कधीतरी, आपल्याला न दिसलेल्या माणसाला, आपल्या डोक्यातही न आलेल्या प्रश्नासाठी. तो माणूस मनात धरून फोटो काढायचा म्हणजे काय करायचं, याविषयी मी बोलणार आहे.

ग्रीनलॉ काम करत होता ते कागदी निगेटिव्हवर. मेण मुरवलेला, रसायनं चढवलेला, सोळा बाय अठरा इंचांच्या आसपासचा कागद. त्या काळी मोठा प्रिंट हवा असेल तर निगेटिव्हच तेवढं मोठं घ्यावं लागे, आणि त्याला साजेसा अवजड कॅमेरा बैलगाडीतून न्यावा लागे. कागद मंद, त्यामुळे भिंग कित्येक मिनिटं उघडं ठेवावं लागे. एवढ्या वेळात जो हलला तो उमटला नाही. गुराखी, वाटसरू, देवळात शिरणाऱ्या बायका, सगळे कॅमेऱ्यासमोरून गेले असतील आणि कागदावर त्यांचा मागमूस राहिला नसेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

शंभराहून अधिक वर्षांनी ही निगेटिव्ह अभ्यासकांच्या हाती आली. तेव्हा जॉर्ज मिशेल आणि जॉन फ्रिट्झ हंपीचं सर्वेक्षण करत होते. १९८३ साली ऑस्ट्रेलियातले वास्तुछायाचित्रकार जॉन गॉलिंग्ज यांनी जुने फोटो बरोबर घेतले, ग्रीनलॉनं कॅमेरा जिथे रोवला होता त्या जागा हुडकल्या आणि तिथूनच नवे फोटो काढले. हे काम किती चिकाटीचं आहे, हे ज्यानं करून पाहिलं त्यालाच कळेल. जवळच्या खांबाची कड मागच्या टेकडीवरच्या कुठल्या धोंड्याशी जुळते, ते जुन्या फोटोत पाहायचं. मग प्रत्यक्ष जागेवर डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकत राहायचं. दूरच्या आणि जवळच्या दोन-तीन खुणा एकाच वेळी जुळल्या की आपण त्याच्या जागी उभे राहिलो. शेवटी सावली जुळवायची. सावलीची लांबी आणि रोख पाहून वेळ आणि ऋतू ठरवायचा, आणि त्या वेळेला परत यायचं. हंपीचे धोंडे जागचे हललेले नाहीत, म्हणून ते तिथे जमलं. असे जोडफोटो शेजारी ठेवले की मधल्या सव्वाशे वर्षांत काय पडलं, काय उचललं गेलं, काय डागडुजीत बदललं, हे दगडादगडानं वाचता येतं. माझ्या मते आपल्याकडे या धर्तीचं काम आजही फार थोडं झालं आहे.

आता मापाबद्दल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी सहलीला मुलांच्या हातात टेप द्यायचे आणि प्रत्येक शिळेची लांबी-रुंदी वहीत लिहून घ्यायचे. फोटोतही हेच हवं. माप नसलेला फोटो पुष्कळ अंशी मुका असतो. मॅक्सिम द्यू काँ हा फ्रेंच लेखक १८४९ ते १८५१ या काळात गुस्ताव फ्लोबेरबरोबर इजिप्त आणि आसपासचा प्रदेश फिरला. त्याचं फोटोंचं पुस्तक १८५२ साली निघालं. वास्तूची उंची कळावी म्हणून तो आपल्या बोटीवरच्या हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला तिच्यावर चढवून बसवत असे. त्यानं हलू नये म्हणून द्यू काँनं काय केलं, तर भिंगाची पितळी नळी ही तोफ आहे आणि हललास तर ती उडेल, असं त्याला सांगितलं. द्यू काँनं स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. अबू सिंबलच्या अर्धवट वाळूत बुडालेल्या महाकाय पुतळ्यांपाशी तो माणूस दिसतो, तेव्हा पुतळ्याची उंची आपल्याला कळते हे खरं. पण एका माणसाला भीती घालून त्याची मोजपट्टी केली, हेही त्या फोटोत आहे, आणि मला ते बोचतं. मोजपट्टी म्हणून लाकडी काठी पुरते. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची मीटरभराची काठी आजही उत्खननात वापरतात. माणूस फोटोत असावा तो त्या जागेचा माणूस म्हणून.

आणि इथे मी मघाच्या मुद्द्याकडे येतो. सुरुवातीच्या फोटोंत माणसं दिसत नाहीत त्याचं एक कारण तांत्रिक होतं. पण पाहणाऱ्यांना ती रिकामी देवळं, रिकामे चौक, रिकामे स्तंभ आवडले. भग्न वास्तू म्हणजे निर्मनुष्य वास्तू, अशी नजर तयार झाली. पुढे फोटो क्षणात निघू लागले तरी नजर तीच राहिली. मग वास्तूच त्या फोटोसारख्या करायचं काम सुरू झालं.

सीरियातलं पाल्मिरा घ्या. तिथलं बेलचं मंदिर इसवी सन ३२ मध्ये देवाला अर्पण झालं. पुढे त्याच वास्तूचं चर्च झालं, नंतर मशीद झाली. मंदिराच्या प्रचंड आवाराच्या आत एक अख्खं गाव वसलं होतं, मातीची घरं, गल्ल्या, चुली. १९२९ नंतर, फ्रेंच अमलात, पुरातत्त्वाच्या कामासाठी ते गाव उठवून बाहेर नवं वसवलं. मातीची घरं पाडली आणि आपल्याला कॅलेंडरवर माहीत असलेलं, उघड्या वाळवंटातलं एकाकी मंदिर तयार झालं. म्हणजे ती एकाकी वास्तू विसाव्या शतकात घडली. त्याआधीची शतकानुशतकं ते नांदतं ठिकाण होतं, आणि वापरात होतं म्हणूनही टिकलं. जुन्या फोटोंतली ती मातीची घरं कुणाला अडगळ वाटतील. मला तो त्या फोटोंतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण तिथल्या लोकांचं त्या दगडांशी काय नातं होतं हे दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

हंपीतही हे घडलं. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारपेठेतल्या दगडी मंडपांत लोक राहत होते, दुकानं होती, खानावळी होत्या. २०११ साली तिथली बांधकामं पाडण्यात आली. मंडपांचं नुकसान होत होतं, ही संवर्धनाची बाजू खोटी नाही. पण त्या रस्त्याचा शेकडो वर्षांचा उपयोगच बाजाराचा होता. मी तिथे आधीही गेलो होतो आणि नंतरही. आधीचे माझे फोटो पाहून एका तरुण संशोधिकेनं मला विचारलं की या खांबाला दोरी कशी बांधली आहे, छताला हूक आहे का, भिंतीत फळ्या कशावर टेकवल्या आहेत. दगडी मंडपाचं घर कसं करतात, याचा ती अभ्यास करत होती. हा प्रश्न मला कधीही सुचला नसता.

आधी न सुचलेल्या प्रश्नाला फोटो कसा कामी येतो, हे बामियानमध्येही दिसलं. अफगाणिस्तानातल्या त्या दोन बुद्धमूर्ती, एक सुमारे ५५ मीटरची आणि दुसरी ३८ मीटरची, मार्च २००१ मध्ये तालिबाननं स्फोटकांनी उडवल्या. त्यानंतर झुरिचच्या तंत्रविद्यापीठात आर्मिन ग्रुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मूर्तीची संगणकावर त्रिमित प्रतिकृती केली. फोटो तीन तऱ्हेचे हाती होते. काही इंटरनेटवरचे, काही पर्यटकांचे, आणि काही ऑस्ट्रियाचे प्राध्यापक रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० साली मोजणीच्या कॅमेऱ्यानं काढलेले. इंटरनेटवरच्या फोटोंचा कॅमेरा कुठला, भिंग कुठलं, कुठून काढले, काही माहीत नाही. त्यामुळे त्यांच्यातून मूर्ती उभी राहिली ती ढोबळ. कोस्टकांचे फोटो मात्र मोजून घेतलेले होते. त्यांच्यावरून चीवराच्या बारीक घड्यासुद्धा हातानं एकेक बिंदू टिपत उतरवता आल्या. हे फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. सपाट उजेड, समोरून पाहिलेलं, ना आकाशाचा रंग ना सावलीचा खेळ. पण मूर्ती गेल्यावर त्या मोजक्या फोटोंनी जे दिलं ते हजारो देखण्या फोटोंनी दिलं नाही.

फोटोवरून मोजमाप काढायची ही विद्या फार जुनी आहे. अल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविद १८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंतीवर न चढता फोटोवरूनच मापं घेता येतील का, हा विचार त्यानं तिथून धरला. १८८५ साली प्रशियाच्या सरकारनं त्याच्यासाठी बर्लिनमध्ये खास संस्थाच काढली. तिनं पद्धतशीर काढलेल्या काचेच्या निगेटिव्हांचा उपयोग पुढे महायुद्धात कोसळलेल्या इमारती उभारताना झाला.

म्हणून मी तरुणांना सांगतो की तुमच्या आवडीचा फोटो जरूर काढा, पहाटेचा, धुक्यातला, तो आनंद सोडू नका. पण तो झाला की आणखी काही फोटो काढा. समोरून सरळ, चारही बाजूंनी, पुरी वास्तू चौकटीत, माथा न कापता. शेजारच्या फोटोत निम्म्याहून जास्त भाग पुन्हा यावा असं सरकत जा. तेवढं केलंत तर आजच्या संगणकाला त्यातून त्रिमित आकार बांधता येतो. २०१५ साली मोसुलच्या संग्रहालयातल्या मूर्ती फोडल्या गेल्या, तेव्हा ‘प्रोजेक्ट मोसुल’ या नावानं जगभरच्या लोकांकडून जुने सहलीचे फोटो मागवून त्यांतून मूर्ती उभ्या करण्याचा प्रयत्न झाला. साध्या माणसांच्या साध्या फोटोंवर ते काम चाललं.

उजेडाबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण माझा जीव तिथे आहे. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी कैलासाच्या दर्शनी भागावर सावली असते, दुपार कलली की ऊन आत येतं आणि शिल्पं उठतात. सहलीच्या गाड्या सकाळी येऊन दुपारी निघून जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. शिलालेखाला तर उजेड अगदी भिंतीला घासून जाणारा हवा. रात्रीच्या रस्त्यावरचे खड्डे जसे समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात एकदम उठून दिसतात, तशी झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडात वर येतात. दिवसा ज्या वीरगळावर काही नाही असं गावकरी सांगतात, तिथे अंधार पडल्यावर एक बॅटरी बाजूनं, शिळेच्या पातळीत धरून बघा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. प्रत्येक वेळी वेगळ्या रेषा जाग्या होतात. ह्याच तत्त्वावर २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तंत्र काढलं. कॅमेरा एका जागी पक्का, दिवा निरनिराळ्या कोनांतून, आणि सगळे फोटो संगणकात एकत्र करून पडद्यावर हवा तिकडून उजेड पाडायचा. २००५ साली अथेन्समध्ये अँटिकिथेराच्या यंत्रावर ते वापरलं. समुद्रातल्या फुटक्या जहाजातून निघालेलं ते गंजलेलं ग्रीक यंत्र, त्याच्यावरची कितीतरी बारीक अक्षरं त्यामुळे वाचता आली.

संगणक नव्हता तेव्हाही ही तळमळ होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याभोवती राजराज चोळाच्या काळचे तमिळ लेख पट्ट्यासारखे फिरले आहेत. लिनियस ट्राइप या मद्रास सरकारच्या छायाचित्रकारानं १८५८ साली त्या लेखांचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढले आणि एकवीस प्रिंट जोडून जवळपास एकोणीस फुटांची सलग पट्टी तयार केली, घरी बसून लेख वाचता यावेत म्हणून. त्याच मंदिराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. आपल्या भाषेतला एवढा मोठा कोरीव लेख दुसरा नाही. तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसानं तरी तो ओळीनं, तिरप्या उन्हात, एकही अक्षर न सोडता टिपून आणायला हवा.

अजिंठ्याबद्दल एकच सांगतो. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा नकला करू लागले. त्यांतल्या पुष्कळशा १८८५ च्या लंडनमधल्याच आगीत गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत अशी राख झाली. आणि नकला करताना रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं, ते पुढे पिवळं पडून चित्रांनाच बाधलं. नोंद करणाऱ्याचा हात मूळ वस्तूला लागता कामा नये, हा धडा अजिंठ्यानं फार महाग शिकवला. आज तिथे फ्लॅशला बंदी आहे. ती पाळताना कुरकुर करू नका. तिवईलाही परवानगी लागते. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवा, श्वास रोखा, आणि नाही आला फोटो तर डोळ्यांनी बघा.

आता आपल्या गावांकडे येतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवसापासून किल्ल्यांचे फोटो उदंड निघताहेत. बुरुजावरचा सूर्यास्त, भगवा, ढगांतला बालेकिल्ला. हे सुंदर आहे. पण सदरेची जोती कोण टिपतो? चुन्याचा घाणा, धान्यकोठाराची पडकी भिंत, टाक्याच्या तोंडाशी दोरानं पडलेल्या खाचा, तटाच्या फांजीवरच्या जंग्यांचे, म्हणजे मारा करायच्या भोकांचे, कोन, हे कोण टिपतो? दरसाल पावसाळ्यात त्यांतलं थोडं थोडं ढासळतं, आणि ढासळण्याआधी ते कसं होतं हे सांगणारा फोटो पुष्कळदा नसतोच.

गावातल्या देवळांचं दुखणं आणखी जवळचं आहे. जीर्णोद्धार ठरतो, लोक मनापासून वर्गणी देतात, आणि श्रद्धेनंच जुन्या कोरीव खांबांना तैलरंग फासला जातो, भिंतींना टाइल्स लागतात, पारावरच्या वीरगळांना चुना किंवा शेंदूर लागतो. काही शिळा पायात जातात. मी गावकऱ्यांशी भांडत नाही. देऊळ त्यांचं आहे, ते नांदतं ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे. मी एवढंच म्हणतो की काम सुरू होण्याआधी आम्हाला एक दिवस द्या. बहुतेक गावं आनंदानं देतात, चहा पाजतात, म्हाताऱ्या माणसांना बोलावून आणतात.

मूर्ती चोरीला गेल्यावर असे फोटो पुरावा म्हणून कसे उभे राहतात, हे पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या संग्रहानं दाखवून दिलं आहे. ही संस्था १९५५ साली निघाली आणि तिनं तमिळनाडूतल्या गावोगावच्या देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले. श्रीपुरंदन गावच्या देवळातला चोळकालीन नटराज चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. तो त्याच गावचा, हे पटवायला या संग्रहातले फोटो कामी आले. २०१४ साली मूर्ती भारतात परत आली. ओतकामातली खोट, प्रभावळीचा टवका, बोटाची झीज, अशा खुणांवरून मूर्ती ओळखता येते. म्हणून दोष टाळून फोटो काढू नका. टवका गेलेला असेल तर टवक्याचाच जवळून फोटो हवा. मात्र एक काळजी घ्या. आडबाजूच्या मूर्तीची नेमकी जागा सगळ्यांना दिसेल अशी टाकू नका. गुप्तधनाच्या नादानं खणणारे आणि मूर्तिचोर यांना त्याचा आयता उपयोग होतो. पूर्ण माहिती संग्रहात ठेवा, बाहेर फक्त तालुका सांगा.

शेवटी जपणुकीचं. ग्रीनलॉचा कागद टिकला, ट्राइपची पट्टी टिकली, कारण कुणीतरी ते कपाटात सावलीला ठेवले आणि त्यावर नाव लिहिलं. आपले फोटो फोनमध्ये असतात आणि फोनबरोबर जातात. फोटोखाली गाव, वास्तू, दिशा, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय तो संग्रहात धरू नये, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत असाव्यात.

या वाचनालयाच्या कार्यकारिणीशी माझं बोलणं झालं आहे. माझी सगळी निगेटिव्ह, पारदर्शिका आणि टिपणवह्या मी इथे देत आहे. अटी दोनच आहेत. मागेल त्याला ती विनामूल्य दाखवावीत, आणि फोटोवर आडवं नाव छापून त्यातला दगड झाकू नये. स्कॅनिंगचं काम दिवाळीनंतर सुरू होईल. त्यासाठी मोडी वाचता येणारी आणि तालुक्याची गावं पायाखालून घातलेली माणसं हवी आहेत, कारण माझ्या जुन्या वह्यांतल्या काही गावांची नावं आता बदलली आहेत आणि काही गावं धरणाखाली गेली आहेत. त्या गावांत ज्यांचं लहानपण गेलं असे कुणी आज इथे असतील, तर त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं. पाण्याखाली गेलेल्या देवळांचे काही फोटो मी बरोबर आणले आहेत. कुठलं देऊळ कुठल्या वाडीचं, ते मला तुमच्याकडून लिहून घ्यायचं आहे.